सगळ्यांना निरोप दे

आमच्या कारखान्यात खुर्च्या तयार होतात, आणि तो कारखाना माझ्यामुळे चालतो. हे मला स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतं, कारण दुसरं कोणी सांगत नाही. खुर्च्या सुतार करतात, गाद्या मावशी भरतात, रंग रंगवाले देतात, सगळं कबूल. पण कोणती खुर्ची आधी करायची, कोण कामावर आहे, कोण रजेवर आहे, कुठलं कापड संपत आलंय, हे सगळं एका भल्यामोठ्या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे संगणकावरच्या तक्त्यात असतं, आणि ती स्प्रेडशीट माझी! कारखान्यात मला सगळे 'तक्ते' म्हणतात. हे नाव इतकं रुळलंय की नवीन माणसाला ते माझं आडनाव वाटतं. साहेबांच्या, म्हणजे मालकांच्या, पत्नीने एकदा चारचौघांत माझ्या बायकोची ओळख 'या मिसेस तक्ते' अशी करून दिली आणि बायकोनेही मुकाट्याने नमस्कार केला.

या तक्त्याचा प्राण म्हणजे मॅक्रो. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. मॅक्रो म्हणजे तक्त्यातलं एक बटण. ज्या कामाला माणूस अर्धा दिवस मान मोडून बसला असता, ते काम हे बटण दाबलं की चहा थंड व्हायच्या आत होतं. असे ढीगभर मॅक्रो मी वर्षानुवर्षं खपून लिहिले. नावंही हौसेने ठेवली. रजा मांडणारा तो 'सुटका'. उशिरा येणाऱ्यांना ताकीद पाठवणारा तो 'कानउघाडणी'. साधी सूचना सगळ्यांच्या फोनवर पाठवणारा 'दवंडी'. आणि कोणी निवृत्त झालं की चालवायचा तो 'निरोप'.

'निरोप' माझा फार लाडका. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्या माणसाला कारखाना एक आरामखुर्ची देतो, त्याच्या आवडीच्या कापडाची. 'निरोप'ला फक्त नाव आणि कारण द्यायचं. मग तो त्या माणसाला हजेरीतून काढतो, त्याचं गेटचं कार्ड बंद करतो, साहेबांच्या सहीचं गहिवरून टाकणारं पत्र सकाळी त्याच्या फोनवर पाठवतो, आणि गादीविभागात आरामखुर्चीची नोंदही करतो. त्या पत्राचा मजकूर माझाच आहे. तो वाचून एक पॉलिशवाले गृहस्थ ढसाढसा रडले होते, आणि ते तर निवृत्तही होत नव्हते, दुसऱ्याचं पत्र वाचत होते.

अडचण एकच होती. ही बटणं कधी दाबायची हे फक्त मला ठाऊक, त्यामुळे मला रजा मिळत नसे. बायकोला कित्येक वर्षांपासून समुद्र बघायचा होता. समुद्र काही फार लांब नाही, एका रात्रीच्या प्रवासावर आहे. पण दर वेळी तिकिटं काढायची आणि दर वेळी साहेबांचा फोन यायचा. गेल्या खेपेला तर आम्ही स्टेशनवर पोचलो होतो. तिथून परत आल्यावर बायकोने बॅग तशीच कपाटावर टाकली आणि मला शांतपणे सांगितलं, "पुढच्या वेळी मी एकटी जाईन. कोणी विचारलं तर सांगेन, हे तक्त्यात अडकलेत." ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती शांत होती म्हणून मी घाबरलो.

आणि तेवढ्यात कारखान्यात एआय एजंट आला! म्हणजे संगणक विभागातल्या ताईंनी आणला. हा एजंट आपण साध्या भाषेत सांगितलेलं काम समजून घेतो आणि स्वतःच मॅक्रो चालवतो. पण त्याला मॅक्रो आपोआप कळत नाहीत. त्यासाठी ताईंनी एक टूल तयार केलं, आणि त्या टूलमध्ये प्रत्येक मॅक्रोचं वर्णन मी लिहायचं असं ठरलं. नाव काय, करतो काय, कधी वापरायचा, आणि चालवण्याआधी माणसाला विचारायचं की नाही. ताईंनी बजावून सांगितलं होतं की आज पहिल्यांदाच कारखान्यात पाऊल ठेवलेल्या माणसालाही समजेल असं लिहा, आणि जे उलटवता येत नाही तिथे 'विचारून चालवावं' यावर खूण करा.

मी मनात हसलो. माझे मॅक्रो, माझं कारखान्यातलं आयुष्य, आणि ही कालची पोर मला वर्णन शिकवणार? शिवाय 'विचारून चालवावं' म्हटलं की तो विचारणार कोणाला? मला! समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून मी हो-नाही करत बसू? मी सगळीकडे 'विचारू नये' अशी खूण केली. वर्णनंही सुटसुटीत लिहिली. 'निरोप'चं वर्णन तर एका ओळीत आटोपलं: 'कोणाला निरोप द्यायचा असेल तेव्हा वापरावा. बाकी सगळं आपोआप होतं.'

एजंटला टोपणनावही मीच दिलं, 'जावई'. त्याला सगळं हातात द्यावं लागतं, सांगताना शब्द जपून वापरावे लागतात, आणि चुकला तर ओरडायची सोय नाही. ताई हसल्या आणि त्यांनी तेच नाव यंत्रात घातलं. चहाच्या वेळी मी सगळ्या कामगारांनाही ते सांगितलं. पण त्या वेळी करवत चालू होती. लोकांनी माना डोलावल्या म्हणून मला वाटलं ऐकू गेलं.

चाचणीत जावयाने कमाल केली. हजेरी मांडली, कापडाचा हिशोब लावला, दोघातिघांची कानउघाडणी केली. साहेबांनी खूश होऊन माझी रजा मंजूर केली. रजेच्या आदल्या दिवशी निघताना मला आठवलं की आपण नाही हे लोकांना कळवायला हवं. बॅगेची चेन एका हाताने ओढत मी दुसऱ्या हाताने जावयाला लिहिलं: 'सगळ्यांना निरोप दे. उद्यापासून मी इथे नाही. काही काम असेल तर जावयाला सांगा.'

उत्तर लगेच आलं. 'सगळ्यांना निरोप देण्याची व्यवस्था केली आहे,' एवढं वाचलं आणि मी कंप्युटर बंद केला. त्याखाली आणखी दोन ओळी होत्या. व्यवस्था झाली म्हटल्यावर पुढचं कोण वाचतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरात मजेत होतो. गाडी संध्याकाळची होती. बायकोने नवी टोपी घालून आरशात स्वतःला तीनदा बघितलं होतं आणि मी तिला ती शोभते असं चारदा सांगितलं होतं. फोन वाजला. बायकोच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थांबलं. फोन गादीविभागाच्या मावशींचा होता. त्यांचा आवाज मात्र प्रसन्न होता. त्यांना हिरवं कापड हवं होतं. कसलं, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, आरामखुर्चीचं. गुडघे धरलेतच, बरं झालं साहेबांनी आपणहून सोडलं, पण गेट उघडत नाहीये, डबा आत राहिलाय, तेवढं बघा.

मी चपला पायात सरकवल्या. बायकोला म्हटलं, आलोच.  तिने टोपी काढून बॅगेवर ठेवली.

कारखान्याच्या गेटबाहेर सगळा कारखाना उभा होता. गेट कार्डाशिवाय उघडत नाही, आणि कार्ड कोणाचंच चालत नव्हतं. पहारेकरी लोकांना शिस्तीत उभं करायला म्हणून बाहेर आला होता, तोही बाहेरच अडकला होता. प्रत्येकाच्या हातात फोन आणि फोनवर माझं ते गहिवरून टाकणारं पत्र. 'आपण केलेल्या सेवेबद्दल कारखाना आपला कायम ऋणी राहील. पुढचं आयुष्य आरामात जावो.' त्याखाली: 'कारण: उद्यापासून मी इथे नाही. काही काम असेल तर जावयाला सांगा.' आणि त्याखाली साहेबांची सही!

पत्राचा अर्थ लोकांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे लावला होता. काहींच्या मते साहेबांनी कारखाना जावयाच्या नावावर करून सगळ्यांना घरी बसवलं होतं. काहींच्या मते साहेब गेले होते आणि जाण्याआधी सगळी व्यवस्था लावून गेले होते. पॉलिशवाले आधीच रडत होते. मोठे सुतार आणि रंगवाले काका यांच्यात कुठल्याशा स्टुलावरून वर्षानुवर्षं अबोला होता. आता काय, शेवटच्या दिवशी राग कशाला, असं म्हणून ते एकमेकांना कडकडून भेटले होते आणि कोपऱ्यात उभे राहून तुंबलेल्या सगळ्या गप्पा मारत होते. मावशी पिशवीतले कापडाचे नमुने घेऊन फिरत होत्या आणि लोक रंग निवडत होते. खरं सांगतो, इतकं आनंदी वातावरण आमच्या कारखान्यात मी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात एक गाडी करकचून थांबली आणि साहेबांचा खराखुरा जावई उतरला. तो दातांचा डॉक्टर आहे. कारखान्यातल्या निम्म्या दाढा त्याच्या हातच्या, त्यामुळे त्याचा नंबर सगळ्यांकडे होता. सकाळपासून लोक त्याला फोन करून विचारत होते की आज कुठल्या खुर्च्या करायच्या. पॉलिशवाल्यांनी तर त्याला हुंदके देत सांगितलं होतं की साहेब नाहीत, आता तुम्हीच. बिचारा पेशंटला तोंड उघडं ठेवायला सांगून निघाला होता. अंगावर पांढरा कोट, एका हातात अजून रबरी हातमोजा. गर्दी आणि रडणारी माणसं बघून तो गाडीचं दार उघडंच टाकून पुढे धावला.

मागोमाग साहेब आले. चालत, हातात रोजची छत्री. त्यांनी फोन अजून बघितलाच नव्हता. लोक बाजूला झाले. जावयाने सासऱ्यांना मिठी मारली. साहेबांना जावयाने आजवर कधी मिठी मारली नव्हती, लग्नातही नाही. ते अवघडून उभे राहिले आणि त्याच्या पाठीवर छत्रीने थोपटत राहिले.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच विचारलं.

पॉलिशवाले त्यांना बघून आणखी जोरात रडायला लागले. मग साहेबांनी आपलं कार्ड गेटला लावलं. लाल दिवा. पुन्हा लावलं. लाल दिवा. त्यांनी फोन काढला, पत्र वाचलं, खालची सही वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. स्वतःला स्वतःच्या सहीने घरी बसवणारा हा पहिलाच मालक असावा.

आता मी पुढे व्हायला हवं होतं. मी झालोही. पण कुठली बुद्धी सुचली कोण जाणे, आधी गेट उघडून द्यावं आणि मग शांतपणे समजवावं म्हणून मी माझं कार्ड लावलं. हिरवा दिवा! रजेवर असल्यामुळे हजेरीत माझं नाव नव्हतं, म्हणून मी 'निरोप'मधून सुटलो होतो. गेट एका माणसापुरतं फिरलं. मी आत आणि अख्खा कारखाना बाहेर. गप्पा थांबल्या. मोठे सुतार आणि रंगवाले काका खांद्याला खांदा लावून माझ्याकडे बघू लागले. त्यांची ती नवी एकी माझ्या अंगावर येणार असं दिसलं.

मग मी गेटच्या गजांतून सगळं सांगितलं. निरोप दे म्हणजे कळव असं मला म्हणायचं होतं. जावई म्हणजे एजंट. मी म्हणजे मी, साहेब नव्हेत. 

"तक्ते," साहेब म्हणाले, "निरोप देणं वेगळं आणि निरोप देणं वेगळं."

"हो साहेब."

"हे आपल्या दोघांना माहीत आहे. त्याला कोणी सांगायचं होतं?"

मी ताईंना फोन लावला. मला वाटलं त्या म्हणतील, यंत्र बिघडलं. त्या म्हणाल्या, यंत्र उत्तम आहे, त्याने तुम्ही लिहिलेलं वर्णन वाचलं आणि शब्दन् शब्द पाळला. मग त्यांनी मला माझं वर्णन मोठ्याने वाचून दाखवलं, आणि मी न वाचलेल्या त्या दोन ओळीही: 'सकाळी सगळ्यांची कार्डं बंद होतील आणि पत्रं जातील. आरामखुर्च्यांची नोंद केली आहे.' फोन स्पीकरवर होता हे मला त्या वेळी लक्षात आलं नाही.

आता सगळ्यांना परत घ्यायचं होतं. मी गजांच्या आत उभा राहून फोनवरून यंत्रातल्या जावयाला लिहिलं, 'सगळ्यांना कामावर परत घे.' निवृत्त माणसाला परत घेणारा मॅक्रो मी कधी लिहिलाच नव्हता, कारण आरामखुर्चीत बसलेलं माणूस आजवर परत आलं नव्हतं. जावयाने वर्णनं चाळली आणि त्यातल्या त्यात जवळचा मॅक्रो चालवला: 'नवीन भरती'. विचारलं का? नाही विचारलं. विचारू नये अशी खूण कोणाची होती?

कार्डं चालू झाली. गेट फिरायला लागलं, लोक एकेक करून आत आले. प्रत्येकाच्या फोनवर नवं पत्र आलं: 'आपलं कारखान्यात स्वागत आहे. आपण सध्या उमेदवारीवर आहात. काम समाधानकारक वाटल्यास कायम केलं जाईल.' मावशींनी ते वाचून कपाळाला हात लावला. साहेबांनाही तेच पत्र. संपूर्ण कारखान्यात कायम नोकरीतला माणूस उरला तो एकटा मी.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी देवाचे आभार मानले असते. पण माझाही फोन वाजला. 'आपली रजा रद्द झाली आहे. कारण: रजा मंजूर करणारी व्यक्ती उमेदवारीवर आहे.'

मी मान वर केली तर गेटबाहेर बायको. दोन्ही बॅगा घेऊन, टोपी घालून. घरी बसून वाट बघायचा तिचा अनुभव चांगला नव्हता, म्हणून या वेळी ती थेट इथेच आली होती. मी गजांतून फोन तिच्यापुढे धरला. तिने वाचलं. मग ती बॅगा खाली ठेवून वळली आणि स्टेशनच्या रस्त्याकडे बघत राहिली.  सगळा कारखाना बेकार झाला तेव्हाही मी इतका घाबरलो नव्हतो.

मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, तुमच्या सहीला आता किंमत नाही, मी सगळं दुरुस्त करीपर्यंत रात्र होईल, गाडी जाईल. साहेबांनी गेटबाहेर बघितलं. मग जावयाकडे हात केला. दातांच्या डॉक्टरने कोटाच्या खिशातून आपली औषधं लिहायची वही काढून दिली. साहेबांनी छत्री काखेत धरून तिच्यावर लिहिलं, 'तक्ते यांना रजा मंजूर,' खाली सही केली आणि पान फाडून माझ्या हातात दिलं. पानाच्या वरच्या बाजूला 'जेवणानंतर चूळ भरावी' असं छापलेलं होतं.

"पण साहेब, दुरुस्ती?"

"ताई करतील. तुम्ही जा."

"माझ्याशिवाय अडलं तर?"

साहेबांनी वही जावयाला परत दिली. "तक्ते, आज तुम्ही असूनच अडलंय. जा आता, त्या ताटकळल्यात."

मी जाण्याआधी हट्टाने एक काम केलं. गेटजवळच्या बाकावर बसून 'निरोप'चं वर्णन नव्याने लिहिलं. मावशी, सुतार, रंगवाले काका सगळे भोवती जमले आणि सुचवू लागले. मावशी म्हणाल्या, माणूस खरंच थकला आहे का ते आधी बघावं असं लिहा. सुतार म्हणाले, त्याला स्वतःला जायचंय का ते विचारावं असं लिहा. रंगवाले काका म्हणाले, आणि सुतार म्हणतात ते बरोबर आहे असंही लिहा. शेवटी मॅक्रोचं नावच बदललं, 'सेवानिवृत्ती' केलं, आणि 'विचारून चालवावं' यावर खूण केली. हे सगळं ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पण त्या वेळी ते मला पटायला सगळा कारखाना रस्त्यावर यायचा बाकी होता.

गाडी मिळाली. समुद्र दिसला तेव्हा बायको चपला हातात घेऊन सरळ पाण्यात गेली. तिला इतकं खूश मी फार दिवसांनी पाहिलं. मलाही बरं वाटत होतं, अगदी मनापासून. फक्त फोन मी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून जवळ ठेवला होता. कारखान्याचा कधीही येईल म्हणून. पाण्यात उतरतानाही हातात होता. बायकोने एकदा बघितलं, दोनदा बघितलं, आणि सोडून दिलं.

फोन आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. मी रेंज बघितली. आवाज वाढवला. बायकोच्या फोनवरून स्वतःला लावून बघितला, व्यवस्थित लागला.

शेवटी वाजला एकदाचा! मी पिशवी दाताने फाडली. दातांचा डॉक्टर होता.

तो म्हणाला, त्रास देत नाही ना? लोक अजून त्यालाच फोन करतात, सवय लागलीय. आज सुतारांनी विचारलं की आधी शाळेच्या खुर्च्या करायच्या की दवाखान्याच्या. त्याने सांगितलं, शाळेच्या करा, शाळेची सुट्टी संपत आलीय. दवाखान्यावर अजून छप्परही चढलेलं नाही, तो रोज येता-जाता बघतो. मग सुतारांनी एजंटलाही विचारलं, तर त्यानेही तेच सांगितलं. बरोबर ना?

मी पाण्यात उभा राहून मनातल्या मनात अख्खा तक्ता उघडला, वरपासून खालपर्यंत बघितला. बरोबर होतं.

"मग मला फोन कशासाठी?" मी विचारलं.

"काही नाही. सगळं छान चाललंय, एवढंच सांगायचं होतं. तुम्ही आणखी थोडे दिवस राहिलात तरी चालेल, असं साहेब म्हणाले."

मी फोन ठेवला. बायको लाटांतून माझ्याकडे येत होती, टोपी एका हाताने सांभाळत.

"कोणाचा होता?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "राँग नंबर."